ब्रेक लागला नाही, असं मी म्हणालो

मला सायकल येत नाही हे माझ्या मुलीला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तिला सायकल मीच शिकवलेली. ती आठ वर्षांची असताना डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या मागे अजून मोकळं मैदान होतं. तिथे रोज संध्याकाळी मी तिच्या सायकलची सीट धरून मागे पळायचो. पुढे बघ, हँडल आवळू नकोस, पायडल मारत राहा, असं सांगत राहायचो. ही सगळी वाक्यं मी लहानपणी लोक आपापल्या मुलांना शिकवत असताना ऐकलेली होती. कल्याणला आमच्या खोलीत सायकल एकच, ती थोरल्या भावाची, आणि तो तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही. पुढे नोकरी लागल्यावर मी सरळ स्कूटर घेतली. सायकल राहूनच गेली.

मुलगी चार दिवसांत शिकली. मग तिने विचारलं, तुला कुणी शिकवली? मी म्हटलं, माझा मीच शिकलो, पडत धडपडत. त्या वेळी एवढंच बोललो. पण पुढे त्यात भर पडत गेली. कॉलेजात असताना आपण कल्याणहून टिटवाळ्यापर्यंत सायकलने जायचो, तेव्हा सगळी भातशेती होती, असंही मी एकदा जेवताना सांगून टाकलं. बायको पोळ्या लाटत होती. माझ्या भावाकडून तिला खरं काय ते लग्नाआधीच कळलेलं होतं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

गेल्या वर्षी मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. मुलगी आता ठाण्याला, बाळकुमला राहते. तिने मला भेट म्हणून एक सहल बुक केली. कल्याणच्या दुर्गाडीपासून निघायचं, बॅटरीवरच्या सायकली, सोबत गाइड, उल्हास नदीच्या कडेकडेने मोहने, आंबिवली, मग टिटवाळा, तिथे काळू नदीच्या काठी गावात जेवण आणि संध्याकाळी परत. "बाबा, तुझ्याच रस्त्याने जायचंय आपण," ती म्हणाली. कंपनीच्या फॉर्मवर सायकलची कितपत सवय आहे असा एक प्रश्न होता. तिने माझ्यासमोर माझ्या नावापुढे 'सराईत' निवडलं. मी बघत होतो. तेव्हा बोलायला काहीच कठीण नव्हतं. हसलो असतो, ती हसली असती, आणि सहल रद्द झाली असती.

त्याऐवजी मी आमच्या वॉचमनची सायकल मागून घेतली आणि तीन रविवार सकाळी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यांवर सराव केला. स्कूटरमुळे तोल सांभाळायची सवय होती. सरळ रस्त्यावर जमायला लागलं. वळताना मी खाली उतरायचो. बॅटरीवरच्या सायकलला स्कूटरसारखी रेस असते असं कळल्यावर मला फार धीर आला.

जानेवारीतली सकाळ होती. दुर्गाडीपाशी धुकं आणि धूळ एकत्र लोंबकळत होती, खाडीवरचा पूल अर्धाच दिसत होता. आम्ही चौघं होतो. मी, माझी मुलगी आणि घोडबंदरकडचं एक तरुण जोडपं. गाइड एक बाई होती, चाळिशीच्या आसपासची. पंजाबी ड्रेसवर कंपनीचं हिरवं जॅकेट, हेल्मेटखाली कपाळावर बारीक टिकली. टिटवाळ्यापलीकडे काळूच्या काठी तिचं गाव. घरची शेती होती, ती आता इमारतींखाली गेली, असं तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं, तक्रारीच्या सुरात नाही, पत्ता सांगावा तसं.

तिने प्रत्येक सायकलचं मागचं चाक उचललं, गरगर फिरवलं, ब्रेक दाबून थांबवून दाखवलं. मग प्रत्येकाकडून ते करून घेतलं. माझ्याकडूनही. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दोन्ही कडक होते. ब्रेकला नुसतं बोट लागलं तरी मोटर बंद होते, हेही तिने दाखवलं. "स्कूटर चालवणारी माणसं घाबरली की रेस पिळतात," ती म्हणाली. "तसं वाटलं तर आधी ती मूठ सोडायची, मग दोन्ही ब्रेक." मग मला विचारलं, काका, सवय आहे ना? माझ्या आधी मुलगीच म्हणाली की मला यांनीच शिकवलीय. मी मान हलवली.

मोहन्यापर्यंतचा रस्ता बरा गेला. मी सगळ्यांच्या मागे होतो. गाइड अधूनमधून थांबून माहिती सांगायची. नदीवर जलपर्णी इतकी साचलेली की हिरवं कुरण वाटावं, त्यावर बगळे चालत होते. पाणी उपसायची केंद्रं तिने दाखवली, तेव्हा मी माझ्या नोकरीतलं ज्ञान पाजळून घेतलं. ती शांतपणे ऐकून घ्यायची. पुढे एका ठिकाणी नव्या टॉवरांची रांग होती. तिसऱ्या टॉवरपाशी तिच्या माहेरचं खळं होतं, असं ती म्हणाली. जोडप्याने त्याचा फोटो काढला.

तिच्या लक्षात आलं होतं. कधी आलं ते मला माहीत नाही, बहुधा पहिल्याच वळणावर, मी पाय टेकला तेव्हा. मोहन्याला पाणी प्यायला थांबलो असताना ती माझ्याजवळ आली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली की मागून आपला टेम्पो येतोच आहे, सायकल त्यात घालते, तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसा, मुलीला सांगू गुडघा दुखतोय. माझी लाज राखायची पूर्ण तयारी तिने केलेली होती. मला ते सहन झालं नाही. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मला काय धाड भरलीय? मी काय पहिल्यांदा बसतोय?" मुलीने वळून पाहिलं. गाइड म्हणाली, सॉरी काका, आणि बाजूला झाली.

टिटवाळा मागे पडल्यावर रस्ता कच्चा झाला. काळूच्या काठाकडे एक उतार जातो, खडी आणि मातीचा, आणि खाली दगडी पायऱ्या आहेत. त्याखाली पाणी. उताराच्या तोंडाशी गाइडने सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की इथून उतरून सायकल हातात धरून चालायचं. मुलगी आणि जोडपं चालत खाली गेली. मुलीने खालून हात केला. तिथे उभी राहून ती माझ्याकडे बघत होती. ती तशी बघत नसती तर मी उतरलो असतो, असं मला आजही वाटतं, पण हे तिच्यावर ढकलणं झालं. मी उतरलो नाही. गाइड म्हणाली, काका, उतरा. मी पाय उचलला.

पहिले काही हात सायकल हळू गेली. मग खडीवर चाक घसरलं आणि वेग आला. मी घाबरलो आणि उजवी मूठ आवळून पिळली. सायकल पुढे झेपावली. मला समजत होतं की मी रेस देतोय, तरी हात सुटत नव्हता. पायऱ्या समोर आल्या. तेवढ्यात गाइड आपली सायकल टाकून आडवी धावत आली आणि तिने माझं हँडल धरलं. आम्ही दोघं कोसळलो. मी तिच्या अंगावर थोडा आणि मातीत थोडा पडलो. तिचा उजवा हात सायकलखाली सापडला.

मुलगी धावत आली. बाबा, काय झालं, काय झालं? माझा गुडघा सोलवटला होता, त्यापलीकडे काही नव्हतं.

"ब्रेक लागला नाही," मी म्हणालो.

ब्रेकबद्दल मला कुणीही विचारलेलं नव्हतं. मी ब्रेकला हातसुद्धा लावला नव्हता. ते वाक्य आधीपासून तोंडात तयार असल्यासारखं बाहेर आलं. गाइड मातीत बसली होती, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. समोरचा माणूस आता काय करतो ते बघावं, तसं ती बघत होती.

"ब्रेक नीट होते, काका," ती हळू म्हणाली.

"म्हणजे माझे वडील खोटं बोलतायत का?" मुलीचा आवाज चढला. "एवढ्या वर्षांचा चालवणारा माणूस आहे तो. तुम्ही चेक केल्या होत्या ना गाड्या?"

मी काही बोललो नाही. गाइडही पुन्हा बोलली नाही.

टेम्पोने आम्हाला टिटवाळ्यातल्या एका डॉक्टरकडे नेलं. तिचं मनगट मोडलं होतं. माझ्या गुडघ्याला पट्टी लागली. त्या वेदनेतही तिने जोडप्याला विचारलं की जेवायचं काय, घरी सगळं तयार आहे. आमचं जेवण तिच्याच घरी होतं, तिच्या सासूने पहाटेपासून केलेलं. तिने फोन करून डबे भरून मागवले. मुलीने आमचे दोन डबे घेतले खरे, पण स्वतः त्यांना शिवली नाही. संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचल्यावर मला सपाटून भूक लागली. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. मी दोन्ही डबे खाल्ले. चव फार छान होती आणि मी तसं बायकोला सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी मुलीने कंपनीच्या पानावर लांबलचक तक्रार लिहिली, गाइडच्या नावासकट. आठवड्याभराने ती जेवायला आली तेव्हा तिने फोनवरून कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. मालकाने माफी मागितली होती, पुढची सहल मोफत देऊ केली होती आणि संबंधित गाइडला कामावरून थांबवण्यात आलं आहे असं कळवलं होतं. माझ्या हातात आमटीची वाटी होती. मी म्हणालो, जाऊ दे आता, बिचारीचा हातही मोडलाय. मुलीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू फार साधा आहेस, बाबा," ती म्हणाली.

मी आयुष्यात लहानमोठं खोटं पुष्कळ बोललो असेन. पण त्या दिवशी माझ्या खोट्यामुळे मला चांगुलपणा मिळाला आणि मी तो घेतला. त्या क्षणाची आठवण झाली की अजूनही मी एकटा असलो तरी खाकरतो, उठून पाणी पितो, काहीतरी करतो.

बायकोने मला एकदाच विचारलं. दुपारी ती माझ्या गुडघ्याची पट्टी बदलत होती. ब्रेक खरंच लागला नव्हता का? मी म्हटलं, नाही लागला. ती पट्टी बांधत राहिली. मग म्हणाली, "सायकलचं मी इतकी वर्षं झाकून ठेवलं. ते तुमच्यापुरतं होतं. हे दुसऱ्याच्या घरात गेलंय."

त्यानंतर तीन दिवसांनी मी स्कूटर काढली आणि टिटवाळ्याला गेलो. तिथून पुढे गावात गाइडचं घर सापडायला वेळ लागला नाही, हात मोडलेली गाइड म्हटल्यावर कुणीही दाखवलं असतं. पुढच्या ओट्यावर ती बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने भिजवलेले वाल सोलत. सासू आत होती. मला बघून गाइड उठली, खुर्ची दिली, पाणी आणायला सांगितलं. मी खुर्चीत बसलो नाही. उभ्यानेच सगळं बोललो. ब्रेक लागले असते, मी लावलेच नाहीत, मी रेस पिळली.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. घरी तिचं बोलणं वेगळं होतं. "तुमचा हात मुठीवर व्हता. मी तोच सोडवायला आलेले."

"मग तुम्ही ठासून का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. एकदा सांगितलं. तुमी तिथंच व्हते."

ती वाल सोलत राहिली. एका हाताने सोलताना दाणे निसटून ताटाबाहेर जात होते आणि ती ते वेचून पुन्हा घेत होती. मी वाकून दोनतीन दाणे उचलून ताटात टाकले, तेही मला आगाऊपणाचं वाटलं.

हळूहळू तिने बाकीचं सांगितलं. हात बरा होईल, त्याचं काही नाही. पण गावातल्या चार मुली तिच्यामागे लागून गाइडचं शिकायला येणार होत्या. पहिल्यांदाच घरच्यांनी हो म्हटलेलं. आता कंपनीने कळवलं की बायका नकोत, जबाबदारी झेपत नाही. त्या मुलींच्या घरी आता काय सांगायचं, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. आणि मग ती म्हणाली की तुमच्या मुलीचा फोन आलेला.

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हातारी माणसं तुझ्या हवाली कोण करतं, म्हणाली. माणसाच्या जिवाचं मोल तुमाला कळत नाय, म्हणाली." तिने ताट बाजूला सरकवलं. "तिचं चुकलं नाय. तिला बापानं जे सांगितलं ते तिनं धरलं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं मग बघू. कंपनीला सांगा, पण आधी पोरीला सांगा. चहा आला होता. तो मी उभ्याउभ्याच प्यायलो आणि निघालो.

निघालो खरा, पण बाळकुमला गेलो नाही. आधी कल्याणला कंपनीच्या ऑफिसात गेलो, कारण परक्या माणसासमोर बोलणं सोपं होतं. मालक तरुण आणि गोड बोलणारा होता. मी लिहून आणलेला कागद त्याने वाचला आणि म्हणाला, काका, एवढं कशाला, झालं गेलं, मॅडमना फक्त ती पोस्ट काढायला सांगा. त्याला खरंखोटं नकोच होतं, त्याला शांतता हवी होती. मी त्याच्या टेबलासमोरून उठलो नाही. शेवटी त्याने माझ्यासमोर गाइडला फोन लावला, चूक झाली म्हणाला, प्लास्टर निघालं की या म्हणाला. गावातल्या त्या चार मुलींचं विचारा, असं मी म्हटलं. त्याने तेही विचारलं, जरा नाइलाजाने. पलीकडून ती एवढंच म्हणाली की हात बरा होऊ दे, मग सांगते.

मुलीकडे मी दोन दिवसांनी गेलो. ती घरून काम करत होती, लॅपटॉप बंद करून समोर बसली. मी ब्रेकचं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तू घाबरला होतास. त्या वेळी तुला तसं वाटलं असेल. होतं असं."

तिने मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून बाहेर पडायच्या बेतात होतो. हो, तसंच झालं असेल, एवढं म्हटलं असतं तर चहा झाला असता आणि आम्ही दुसरं काहीतरी बोललो असतो. पण मी म्हटलं, "नाही. बोलताना मला माहीत होतं की मी खोटं बोलतोय." आणि मग तिला सायकलचंही सांगितलं. मैदानातलं, टिटवाळ्याचं, वॉचमनच्या सायकलचं, सगळं.

सायकलचं तिला काही वाटलं नाही. तिने ते ऐकलंही नसावं. ती एवढंच म्हणाली, "मी त्या बाईला फोन केला होता, बाबा. तुझ्यासाठी. काय काय बोलले मी तिला." आणि उठून आतल्या खोलीत गेली. मी हॉलमध्ये बसून राहिलो. तासाभराने ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. तिने फोन माझ्यापुढे धरला. जुनी तक्रार काढून टाकून तिने नवा मजकूर लिहिला होता. त्यात लिहिलं होतं की दोष सायकलचा नव्हता, गाइडचा नव्हता, माझे वडील खोटं बोलले आणि मी शहानिशा न करता एका बाईला दोषी ठरवलं, तिने माझ्या वडिलांना वाचवताना स्वतःचा हात मोडून घेतला.

"हे असंच टाकू?" तिने विचारलं.

मी टाक म्हणालो. तिने ते स्वतःच्या पानावरही टाकलं. आमच्या नातेवाइकांनी वाचलं, माझ्या ऑफिसातल्या लोकांनी वाचलं. भावाचा फोन आला, तो सायकलवरून हसला, बाकीचं त्याने मुद्दाम टाळलं. पुढचे काही महिने मी सोसायटीच्या गेटमधून जाताना वॉचमनकडे बघत नव्हतो.

मुलगी टिटवाळ्याला एकटी जाऊन आली. मी येऊ का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. तिथे काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. मधूनमधून तिच्याकडून कळतं. गाइड मार्चमध्ये कामावर परतली. मनगट पूर्ण वळत नाही, जड सायकल उचलताना दुखतं, म्हणून चाकं तपासताना ती आता एक मुलगी सोबत ठेवते. चारपैकी दोघीच आल्या. बाकी दोघींच्या घरचे पुन्हा तयार झाले नाहीत.

माझं आणि मुलीचं बोलणं बंद झालं नाही. ती दर रविवारी फोन करते, सणाला येते, माझ्या आवडीचं काहीतरी आणते. मी काही सांगितलं की मात्र ती क्षणभर थांबते. मध्यंतरी मी तिला म्हटलं की बीपी आता नॉर्मल आहे. ती म्हणाली, मशीनचा फोटो पाठव. बोलण्यात राग नव्हता, सहज म्हणाली. तेव्हापासून दर आठवड्याला पट्टा बांधून मी बीपी मोजतो आणि आकडे दिसतील असा फोटो तिला पाठवतो. तिचा अंगठा येतो. गेल्या आठवड्यात आकडा जास्त होता. मी तोच पाठवला.